कोलंबसच्या जुन्या मराठी मंडळींना खुलं पत्र: आपला डबा फक्त पुण्याहून आलेल्यांनाच का?

नमस्कार मंडळी,

हे पत्र इंडियानातल्या कोलंबसमध्ये वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेल्या आपल्या सगळ्यांना आहे, म्हणजे ज्यांची घरं झाली, पोरं इथल्या हायस्कूलमधून पास होऊन बाहेर पडली, आणि तरी ज्यांना अजूनही आपण इथले पाहुणेच आहोत असं वाटतं अशा सगळ्यांना. ओहायोचं कोलंबस नाही, आपलं छोटं, पन्नास हजार वस्तीचं. (पुण्यातल्या नातेवाईकांना अजून फरक कळत नाही, ते सोडा.) ग्रुपवर टाकलं असतं तर दोन अंगठे आले असते, एक जोडलेले हात आले असते आणि पाचव्या मिनिटाला कोणीतरी भाजणीच्या पिठाची ऑर्डर घ्यायला सुरुवात केली असती, म्हणून म्हटलं उघडच लिहावं.

आधी कौतुक करते, कारण ते खरंच आहे. पुण्याहून कोणाचं ट्रान्सफर झालं की आपल्याकडे जे काय सुरू होतं ते बघण्यासारखं असतं. फ्लाइट इंडीला, म्हणजे इंडियानापोलिसला, उतरायच्या आधी ठरलेलं असतं की आणायला कोण जाणार, त्यांच्या गाडीत कार सीट आहे का, पहिल्या रात्रीचा वरणभात कोणाकडून, दुसऱ्या दिवशीची पोळीभाजी कोणाकडून, गादी कोणाच्या बेसमेंटमध्ये पडलीये, कोणाकडे जास्तीचा कुकर आहे. बीएमव्हीच्या, म्हणजे गाडीच्या लायसनच्या ऑफिसच्या, लेखी परीक्षेला काय विचारतात, अपार्टमेंट घेताना हीटिंग इलेक्ट्रिकवर आहे की गॅसवर ते का बघायचं, इंडीच्या पटेलच्या भारतीय वाणसामानाच्या दुकानात कुठला तांदूळ घ्यायचा नाही, सगळं सांगितलं जातं. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर आलेली नवी मुलगी पहिल्या हिवाळ्यात घरात एकटी रडत बसू नये म्हणून आपल्यातल्या काकू मंडळी आळीपाळीने फोन करतात, आणि हे कोणी सांगितलेलं नसतं. कुठल्याही कंपनीचं रिलोकेशन पॅकेज ह्याच्या जवळपास पोचत नाही.

आता पुढचं ऐका. त्याच आठवड्यात, त्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्सच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये अटलांटाहून एखादा ब्लॅक इंजिनिअर बायको-मुलांना घेऊन आलेला असतो, मनिलाहून हॉस्पिटलात नर्स म्हणून आलेली मुलगी असते, लागोसचा डॉक्टर असतो, टेक्सासहून बदली होऊन आलेली मेक्सिकन आईवडलांची मुलगी असते. कामाला आपल्या शेजारच्याच क्यूबिकलमध्ये बसतात. पोरं आपल्या पोरांच्या वर्गात असतात. आणि त्यांच्या दारावर आपल्यातलं कोणी जात नाही. वाईट हेतूने नाही, मला माहितीये, पण जात नाही हे खरं.

आमच्या समोरच्या घरात ह्यूस्टनहून आलेलं एक ब्लॅक कुटुंब आहे. ती फार्मसिस्ट, तो क्वालिटीत. आमच्या शेजारी नवीन मराठी जोडपं आलं त्या वीकेंडला ह्या बाईंनी त्यांच्या ड्राइव्हवेवरून बघितलं की सकाळपासून गाड्या येताहेत, बायका हातात झाकलेली भांडी घेऊन आत जाताहेत, कोणीतरी खुर्च्या उतरवतंय, कोणीतरी ओरडतंय, पोरं गवतात पळताहेत. दोन दिवसांनी मेलबॉक्सपाशी भेटली तर हसून म्हणाली, तुमच्याकडे लग्न होतं का? मी म्हटलं नाही गं, नवीन लोक राहायला आलेत. तर ती म्हणाली, ओह. नुसतं एवढंच. मग जरा थांबून म्हणाली की आम्ही आलो तेव्हा पहिल्या महिन्यात बेल वाजली ती फक्त पेस्ट कंट्रोलवाल्याची आणि छपराचं इन्शुरन्स विकणाऱ्याची. तक्रारीच्या सुरात नाही हं, विनोदाच्या सुरात सांगत होती. नंतर आमचं बोलणं वाढलं तेव्हा कळलं की नवरा केस कापायला पासष्ट नंबरच्या हायवेने इंडीला जातो, जाऊन येऊन शनिवारचा अर्धा दिवस मोडतो, मुलीच्या वेण्या घालणारी बाई शोधायलाच त्यांना कित्येक महिने लागले, आणि त्या महिन्यांत तिने आपल्या आईला फोनवर किती वेळा सांगितलं की मी परत येते. आपल्यातल्या किती जणींनी हेच वाक्य आपल्या आईला सांगितलंय ते मला माहितीये, कारण सांगून झाल्यावर तुम्ही मला फोन केलेले आहेत.

ह्या गावाला नवीन माणसाचं स्वागत नवीन नाहीये. उलट हे गाव त्यासाठीच असं बांधलंय. आपण पाहुणे आले की त्यांना पेईच्या लायब्ररीसमोर, हेन्री मूरच्या त्या मोठ्या कमानीखाली उभं करून फोटो काढतो, पण ह्या इमारती इथे आल्या कशा हे किती जणांना माहितीये? कमिन्स ही इथली इंजिन कंपनी १९१९ ची. जे. अर्विन मिलर तिचे प्रमुख होते, दुसऱ्या महायुद्धानंतर गाव भराभर वाढत होतं, शाळा कमी पडत होत्या, आणि चांगले इंजिनिअर मक्याच्या शेतांमधल्या गावात येऊन राहायचे असतील तर त्यांच्या पोरांना चांगल्या शाळा पाहिजेत हे त्या माणसाला कळत होतं. म्हणून कंपनीच्या फाउंडेशनने सांगितलं की चांगला आर्किटेक्ट घ्या, त्याची फी आम्ही देतो. त्यातली पहिली शाळा १९५७ ची, मग एकामागून एक. फिनलंडमध्ये जन्मलेला ईरो सारिनेन, चीनमध्ये जन्मलेला आय. एम. पेई, ह्यांनी हे गाव घडवलं. वॉशिंग्टन स्ट्रीटवरचं ते आइस्क्रीमचं झाहाराकोस, १९०० सालचं, तेही ग्रीसहून आलेल्या भावांचं. म्हणजे बाहेरून आलेल्यांनी बांधलं, बाहेरून येणाऱ्यांसाठी बांधलं.

मिलरचं अजून एक सांगते. ते राष्ट्रीय चर्च परिषदेचे अध्यक्ष होते, पाद्री नसलेले पहिलेच, आणि ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी निघालेल्या १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्च्याला त्यांनी मदत केली, सिव्हिल राइट्सच्या, म्हणजे नागरी हक्कांच्या कायद्यासाठी धडपड केली. १९६७ मध्ये एस्क्वायर मासिकाने त्यांचा फोटो कव्हरवर छापून लिहिलं की हा माणूस पुढचा राष्ट्राध्यक्ष व्हायला पाहिजे. सत्तरच्या दशकात जेम्स जोसेफ नावाचे ब्लॅक गृहस्थ इथे कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट होते, ते पुढे दक्षिण आफ्रिकेत अमेरिकेचे राजदूत झाले. ज्या राज्यात १९२० च्या दशकात कू क्लक्स क्लॅन ह्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेचा माणूस म्हणेल तो गव्हर्नर होत होता, त्या राज्यातल्या एका छोट्या गावात हे चाललं होतं. आपण हे बोलत नाही. आपल्या गप्पांत गावाचा इतिहास १९६२ ला सुरू होतो, पुण्यातल्या किर्लोस्कर कमिन्सपासून, आणि तिच्या कोथरूडच्या गेटपाशी संपतो.

आणि आपण इथे आलो ते नुसत्या हुशारीवर आलो हे जे आपण पोरांना सांगतो ना, तेही जरा तपासून घ्या. १९२३ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड ह्यांच्या खटल्यात सांगितलं की भारतीय माणूस गोरा नाही, सबब त्याला नागरिकत्व नाही. १९४६ च्या कायद्यानंतर सुद्धा भारताला वर्षाचा कोटा होता शंभर माणसांचा. शंभर! आपल्या गणपतीच्या जेवणाची एक पंगत. तो कोटा गेला १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा आला कारण त्याच्या आधीची दहा वर्षं ब्लॅक लोक रस्त्यावर मार खात होते, तुरुंगात जात होते, आणि वंशावरून माणसाची लायकी ठरवायची नाही हे देशाला पटवत होते. आपली आयआयटी, सीओईपी, व्हीजेटीआय सगळी तशीच होती त्याआधीही, फक्त दार बंद होतं.

आता अवघड विषय. घरं.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी दुसरं-तिसरं घर घेऊन भाड्याने दिलंय, छान आहे, मेहनतीचे पैसे आहेत. पण एका जेवणाला मी जे ऐकलं ते ऐकून माझा घास घशात अडकला. एकजण दुसऱ्याला सांगत होते की भाडेकरू बघताना फोनवर आवाजावरूनच कळतं, मग सांगून टाकायचं घर गेलं म्हणून. पुढे एक शब्द वापरला जो मी इथे लिहीत नाही, तुम्हा सगळ्यांना माहितीये, आपण मराठी-हिंदीत बोलतोय म्हणजे कोणाला कळत नाही ह्या भरवशावर तो आपल्या घरांत सर्रास वापरला जातो, पोरांसमोर वापरला जातो. टेबलावरचे सगळे प्लेटीत बघायला लागले. कोणी हसलं नाही हे खरं, पण कोणी काही बोललंही नाही.

तर त्या काकांसाठी आणि त्यांच्यासारख्यांसाठी माहिती: घर देताना वंशावरून भेदभाव करायचा नाही असं सांगणारा फेअर हाउसिंग कायदा ११ एप्रिल १९६८ ला सही होऊन आला, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ह्यांचा खून झाला त्यानंतर एका आठवड्यात. त्याच्याआधी देशात बऱ्याच ठिकाणी मालकाला तोंडावर नाही म्हणायला काही आडवं येत नव्हतं. आणि "माझी दोनच घरं आहेत, मी एजंट लावत नाही, मला तो कायदा लागू नाही" असं जे कोणीतरी यूट्यूब बघून सांगत असतं त्यांच्यासाठी: तसल्या छोट्या मालकांना त्या कायद्यात थोडी सूट आहे, पण वंशाच्या बाबतीत १८६६ चा जुना कायदा आहे, आणि तो खाजगी मालकालाही लागू होतो हे सुप्रीम कोर्टाने जून १९६८ मध्येच सांगून टाकलंय. तिथे सूट नाही. तसंच आपल्यातले जे रिअल इस्टेटचं लायसन घेऊन बसलेत आणि नवीन माणसाला "त्या बाजूला नको हो, तिकडे ते लोक आहेत" असा सल्ला देतात, तोही बेकायदेशीर आहे, आपुलकीने दिला म्हणून कायदेशीर होत नाही.

योगायोग बघा, ११ एप्रिल म्हणजे महात्मा फुल्यांचा जन्मदिवस. ज्या माणसाने १८७३ मध्ये आपलं गुलामगिरीचं पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, ब्लॅक लोकांना गुलामीतून सोडवलं म्हणून. त्यांचा फोटो आपण स्टेजवर ठेवतो, हार घालतो आणि खाली येऊन घर गेलं म्हणून सांगतो.

कोणी म्हणेल हे इथलंच आहे का, पुण्यात काय वेगळं आहे. बरोबर, पुण्यात काहीच वेगळं नाही. बॅचलर नको, नॉनव्हेज नको, मुसलमान नको, आणि शिकायला आलेली आफ्रिकन मुलं तर नकोच नको, हे सगळं आपण तिथून बॅगेत घालून आणलंय, कस्टमवाले लोणचं पकडतात, हे पकडत नाहीत. आपल्या आपल्यातसुद्धा चाळणी आहेच की. नवीन मराठी कुटुंब आलं की दुसरा प्रश्न आडनाव काय आणि तिसरा मूळचे कुठले, आणि त्या उत्तरावर डब्यांची संख्या कमीजास्त होते, हे मी बघितलंय. ज्यांच्याकडे डबे कमी गेले त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, ते हळूहळू यायचे बंद झाले आणि आपण म्हटलं की ते फारसे मिसळत नाहीत.

मला माहितीये आता काय उत्तर येणार. आपणच इथे परके, आपण काय स्वागत करायचं, ते गोऱ्यांचं काम. आपली ग्रीन कार्डं अडकलेली, नोकरी गेली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा, आपल्यालाच कोण विचारतंय. ह्यातलं ग्रीन कार्डाचं शंभर टक्के खरं आहे, देशागणिक सात टक्क्यांच्या मर्यादेने आपल्या लोकांची उमेदीची वर्षं खाल्लीत आणि त्याबद्दल रागवायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पण समोरच्या घरातल्या बाईला आपला व्हिसा दिसत नाही. तिला दिसतं की ह्यांचं घर मोठं आहे, दारात दोन गाड्या आहेत, ही बाई शाळेच्या पीटीओत, म्हणजे पालक-शिक्षक संघात आहे, हा माणूस कंपनीत डायरेक्टर आहे, इथे वर्षानुवर्षं राहताहेत. तिच्या दृष्टीने गाव म्हणजे आपणच. आणि एप्रिल २०२१ मध्ये इंडीच्या फेडेक्समध्ये गोळीबार झाला, आठ माणसं गेली, त्यातले चार शीख होते, तेव्हा रात्री आपल्यालाही कळलं होतं ना की कोण कुठल्या रंगाचं ह्या यादीत आपण कुठे आहोत.

दुसरं उत्तर येतं ते म्हणजे आपलं खाणं त्यांना चालणार नाही, आपल्या पद्धती वेगळ्या, काय बोलायचं ते कळत नाही. इथे मला आनंदीबाई जोशींची आठवण येते. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई डेंटिस्टकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या, समोरचं मिशनऱ्यांचं मासिक चाळताना त्यांना आनंदीबाईंच्या नवऱ्याचं, गोपाळरावांचं पत्र दिसलं, आणि ओळख ना पाळख, त्यांनी चिठ्ठी लिहिली. १८८३ च्या जूनमध्ये अठरा वर्षांची आनंदी नवऱ्याशिवाय बोटीतून उतरली तेव्हा घ्यायला ह्या कार्पेंटर मावशी आल्या होत्या आणि कॉलेज सुरू होईपर्यंत तिला स्वतःच्या घरी ठेवलं. काय खाते, कशी पूजा करते, आधी काही माहिती नव्हती. विचारलं, शिकल्या. आनंदीबाई पुण्यात वारल्या तेव्हा त्यांच्या अस्थी सुद्धा ह्या मावशींकडे आल्या आणि त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला आपल्या घरच्यांच्या दफनभूमीत ठेवल्या. अमेरिकेत शिकायला आलेल्या पहिल्या मराठी बाईचं स्वागत असं एका अनोळखी बाईने केलं, आणि आपल्याला समोरच्या घरी शिऱ्याचा डबा न्यायचा तर संकोच वाटतो.

आता काय करूया, ते सांगते. मोठं काही नाही, कार्यक्रम नको, बॅनर तर अजिबात नको.

आपली ती नवीन लोकांसाठी केलेली फाइल आहे, डॉक्टर-डेंटिस्ट-बीएमव्ही-प्लंबरची, ती अर्धी मराठीत अर्धी इंग्रजीत आहे. ती सगळी इंग्रजीत करूया आणि ज्याला पाहिजे त्याला देऊया. त्यात आपल्याला जे कधी सुचलं नाही तेही घालूया, म्हणजे इंडीत वेण्या घालणाऱ्या बायका कुठे, न्हावी कुठे, हलाल कुठे, फिलिपिनो दुकान कुठे, स्पॅनिश बोलणारा मुलांचा डॉक्टर आहे का. हे आपल्याला माहिती नाही, तर विचारून घालूया, समोरची बाई अर्ध्या तासात अर्धी यादी सांगेल. टॉर्नेडोचा भोंगा टेस्टसाठी वाजतो आणि दर वेळी बेसमेंटमध्ये पळायची गरज नसते, हे वाक्य मात्र सगळ्यात वर मोठ्या अक्षरात पाहिजे, माझ्या सासूबाई अजून त्यातून सावरलेल्या नाहीत.

डब्यांच्या यादीत रस्ता लिहूया, नाव-आडनाव नाही. म्हणजे आपल्या रस्त्यावर जो कोणी राहायला येईल, त्याच्याकडे त्या रस्त्यावरच्या मराठी घराने पहिल्या आठवड्यात जायचं. शिरा न्या, उपमा न्या, बनाना ब्रेड जमत असेल तर तो न्या. चिवडा नेण्याआधी शेंगदाण्याची अॅलर्जी विचारा, हे इथे गमतीवारी घ्यायचं नाही. आणि दारात उभं राहून मूळचे कुठले हा प्रश्न नको, आपल्याला विचारला की आपण किती वैतागतो. काय लागलं तर हा माझा नंबर, एवढं बोललं तरी पुष्कळ आहे. पोरांना आधी बजावून ठेवा की कोणाच्या केसांना हात लावायचा नाही.

गणपतीला बोलवा, पण ज्याप्रकारे आपण ऑफिसातल्या साहेबाला बोलावतो तसं नाही. साहेबाला पहिली खुर्ची, आरती त्याच्या हातात, फोटो, आणि नर्स म्हणून काम करणाऱ्या मुलीला शेवटच्या टेबलावर एकटीला बसवून आपण मराठीत गप्पा मारत बसणार, हे गेल्या वर्षी झालंय. प्रत्येक टेबलावर एकाने जबाबदारी घ्यायची की ह्या माणसाशी इंग्रजीत बोलायचं आणि उकडीचा मोदक हाताने खायचा असतो हे सांगायचं. आणि त्यांनी बोलावलं की जायचं. हे जास्त महत्त्वाचं आहे. समोरच्यांनी ह्या उन्हाळ्यात अंगणात बार्बेक्यू केलं, रस्त्यावरच्या पाच मराठी घरांना बोलावलं, गेलो दोघंच, बाकीच्यांना नेमकं त्याच दिवशी काहीतरी निघालं. तिने आमच्यासाठी मक्याची कणसं वेगळ्या जाळीवर भाजली होती, आपणहून, न सांगता.

ज्यांच्याकडे भाड्याची घरं आहेत त्यांच्याशी मात्र मला कार्यक्रमात नाही, समोर बसून बोलायचंय. ज्यांना पटत नसेल त्यांनी तर जरूर या, चहा मी करते. दिवाळी फराळाच्या तयारीची जी मिटिंग आहे त्यात चकल्यांचं वाटप ठरल्यावर पंधरा मिनिटं मला द्या. फाइलचं इंग्रजी मी आणि धाकटी मिळून करतोय, रस्त्यांची यादी करायला दोन जण पाहिजेत, शक्यतो पश्चिमेकडच्या सबडिव्हिजनमधले, कारण तिकडे सध्या सगळ्यात जास्त मूव्हिंग ट्रक दिसताहेत.

तुमचीच,
पूर्वेकडच्या सबडिव्हिजनमधली, कुकर उसना देणारी काकू